अस्वलाला अहो म्हणणारे तिरोडकर

तिरोडकरसाहेबांबरोबर हॉटेलात जेवायला गेलं की मेन्यूकार्ड सगळ्यात शेवटी हातात यायचं. आधी ते दारातच उभे राहून चारी भिंती न्याहाळायचे. मग वेटरला विचारायचे, "अहो भाईसाब, पिछला दरवाजा किधर खुलता है?" दुबईत करामातल्या एका थाळीवाल्याला वाटलं, हे सरकारी इन्स्पेक्टर. त्याने घाईघाईने श्रीखंडाच्या वाट्या आणून ठेवल्या. तिरोडकरांनी श्रीखंड परत पाठवलं, स्वतः उठून आत गेले आणि मागच्या दाराला टेकवलेली कांद्याची पोती बाजूला करायला लावली. पोती हलली, दार उघडून बंद झालं, तेव्हा कुठे ते येऊन बसले आणि म्हणाले, "हां, आता मागवा काय ते."

त्यांच्या पत्नी, नीलिमावहिनी, तोवर शांतपणे पापड खात असायच्या. "आमच्या लग्नात अंतरपाट धरला होता, तेव्हाही हे हॉलच्या दाराकडेच बघत होते," त्या सांगायच्या. "मला वाटलं, पळून जायचा विचार दिसतोय."

तिरोडकर आमच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये आमचा कारखाना. टॉवरांना लागणाऱ्या अल्युमिनियमच्या खिडक्या आणि काचेच्या भिंती तिथे तयार होतात. मी पर्चेसमध्ये. ते आणि आम्ही, दोघंही अल मनखूलला राहणारे, त्यामुळे कित्येक वर्षं मी त्यांच्या गाडीतूनच ऑफिसला गेले. गाडी सुरू करण्याआधी ते डोळे मिटून बसायचे. मला आधी वाटायचं, देवाचं नाव घेतायत. मग कळलं, ते सीटबेल्टच्या पट्ट्यांचे आवाज ऐकतायत. मागे तिघं बसलेले असले तर तीन वेळा 'टक्' वाजलं पाहिजे. "एक टक् कमी आलं," असं म्हणून ते डोळे उघडायचे, आणि ज्याने पट्टा लावलेला नसायचा तो बरोबर ओशाळायचा.

हायवेवर मागून कोणी दिवे मारत अंगावर आला की आपण शिवी घालू. तिरोडकर बाजूच्या लेनमध्ये सरकून म्हणायचे, "जा हो, जा. तुमचं काहीतरी मोठं काम दिसतंय."

हे 'अहो' त्यांच्या तोंडात सगळ्यांसाठी होतं. ऑफिसबॉयला अहो, ट्रक ड्रायव्हरला अहो, मला तर 'अहो मुग्धा'. एकदा अंगावर येणाऱ्या रिकाम्या ट्रॉलीलाही "अहो, थांबा!" म्हणून हात दाखवताना मी त्यांना पाहिलंय. वहिनी आणि मुलंबाळं सोडली, तर 'अरे-तुरे' फक्त स्वतःशी बोलताना. "अरे प्रभाकर, चावी कुठे ठेवलीस बाबा?"

सकाळी पाळी सुरू होण्याआधी कारखान्याच्या अंगणात सगळे कामगार गोल करून उभे राहायचे आणि तिरोडकर त्यांच्याशी दहा मिनिटं बोलायचे. याला टूलबॉक्स टॉक म्हणतात आणि बहुतेक ठिकाणी तो झोपेत उरकला जातो. आमच्याकडे लोक त्यासाठी लवकर यायचे, कारण तिरोडकर बोलायचे कमी आणि करून जास्त दाखवायचे. शिडीवरून पडणारा माणूस ते असा वठवायचे की पुढच्या रांगेतली दोन पोरं त्यांना धरायला धावायची. बोटात घुसलेली काच, डोळ्यात उडालेला कण, उन्हाने आलेली चक्कर, सगळं साभिनय. हशा पिकायचा. मग शेवटी ते कानाला हात लावून, बाईचा आवाज काढून, एवढंच म्हणायचे, "हॅलो? हॅलो? कौन बोल रहा है?" आणि हसणारे गप्प व्हायचे. "चलो, यल्ला, काम पे," असं म्हणून ते आत वळायचे.

दिवसअखेर गाडीत बसल्यावर मी विचारायची, "कसा गेला दिवस?"

"काही घडलं नाही," ते म्हणायचे. दुसरा कोणी बोनस मिळाल्याचं सांगेल, तशा चेहऱ्याने.

या सगळ्याचा सर्वांत जास्त जाच व्हायचा तो आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरला, अभिजित कर्णिकला. कर्णिक चाळिशीचा, जिमला जाणारा, मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजणारा. बायकोमुलं पुण्याला, त्यामुळे सगळा जीव कामात. तिरोडकरांनी एखादं मशीन बंद केलं की तो केबिनमधून धावत यायचा. "सर, तुम्ही ते लाल बटन दाबलंत की माझं हार्ट बंद पडतं!" तिरोडकर शांतपणे म्हणायचे, "हार्ट चालू आहे तुमचं. मशीनचं गार्ड तुटलंय." भांडण तिथेच संपायचं, पण रोज नव्याने सुरू व्हायचं.

कॅनडाचं सगळं आमच्या घरी सुरू झालं. होळीला मी पुरणपोळ्या केल्या होत्या आणि तिरोडकर पतीपत्नींना बोलावलं होतं. माझा नवरा समीर तेव्हा ईदच्या सुट्टीत कॅनडाच्या डोंगरात जायचे बेत करत होता. टेबलावर त्याचा लॅपटॉप उघडा होता आणि त्यावर एका तळ्याचा फोटो होता, उंचावरून काढलेला. चहूबाजूंनी बर्फाचे डोंगर, आणि मधलं पाणी असं, की निळ्या रंगात कोणीतरी दूध ओतलंय.

वहिनी हातात तुपाची वाटी घेऊन त्या फोटोसमोर थांबल्या. "हे खरं आहे?"

"अगदी खरं," समीर म्हणाला.

"आणि हे जिथून दिसतं, तिथवर चालत जाता येतं?"

"येतं. चढ आहे जरा."

"मी येते."

तिरोडकर घास थांबवून म्हणाले, "ईदला प्लांटचं मेंटेनन्स असतं गं. मला कशी सुट्टी मिळणार?"

"तुम्हाला कोण विचारतंय? मी येते म्हटलं." वहिनी तीस वर्षं आखातात होत्या, नर्सरीत शिकवायच्या, आणि या तीस वर्षांतली प्रत्येक सुट्टी डोंबिवलीत गेली होती. कोणाचं लग्न, कोणाची बायपास, कधी घराचा ताबा. हे त्यांनी तेव्हा बोलून दाखवलं नाही. आम्हाला ठाऊक होतं.

तिरोडकरांनी पोळीची घडी घातली, उलगडली. "तिथे अस्वलं असतात."

"असू देत. मी केजीला शिकवते."

दुसऱ्या दिवशी गाडीत त्यांनी जाहीर केलं, की माणसं डोंगरावर जाणार आणि सेफ्टी घरी बसणार हे काही बरोबर दिसत नाही, तेव्हा मेंटेनन्स दुसऱ्यावर सोपवून तेही येतायत. ते येतायत म्हटल्यावर कर्णिकही आला. मला वाटतं, सुट्टीत भांडायला कोणी नसेल या भीतीने आला.

मग तिरोडकरांनी आमची तयारी सुरू केली. दुबईत चढ आणायचा कुठून? त्यांनी मनखूलमधलंच एक बहुमजली पार्किंग शोधून काढलं. संध्याकाळी ऊन उतरलं की आम्ही सगळे पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेल्या सॅक घेऊन त्या रॅम्पवरून वर, मग खाली, मग पुन्हा वर. तिसऱ्या दिवशी तिथल्या पठाण रखवालदाराला राहवलं नाही. "साब, इतने दिन से ढूंढ रहे हो. गाड़ी का नंबर बताओ, मैं देखता हूँ." माझी मुलगी इरा, वय वर्षं पंधरा, रॅम्पच्या कठड्यावर डोकं टेकून म्हणाली, "आई, आय कॅनॉट बी सीन विथ यू पीपल."

जूनमध्ये आम्ही सहा जण कॅल्गरीला उतरलो आणि मोठी भाड्याची गाडी घेऊन निघालो. रस्ता आधी सरळसोट, दोन्हीकडे सपाट कुरणं. मग समोर डोंगर दिसायला लागले. एकदम नाही, हळूहळू, कोणीतरी पडदा वर ओढत जावा तसे. वहिनी पुढच्या सीटवर होत्या. एरवी अखंड बोलणारी ती बाई तासभर गप्प होती. शेवटी तिरोडकरांनी मागून विचारलं, "बरं वाटत नाहीये का तुला?"

"गप्प बसा हो जरा," वहिनी म्हणाल्या. "बघू द्या."

पहिल्या दिवशी पायवाटेच्या तोंडाशी, गाड्या लावायच्या जागेत, तिरोडकरांनी आम्हाला गोल उभं केलं. अस्वल दिसलं तर काय करायचं, याचं ब्रीफिंग. पळायचं नाही. ओरडायचं नाही. शांत आवाजात बोलत, तोंड त्याच्याकडेच ठेवून मागे सरकायचं. हे सांगून झाल्यावर त्यांनी, सवयीप्रमाणे, करून दाखवलं. आधी ते माणूस झाले. मग अस्वल झाले. हात वर करून, नाक फुगवून, खांद्यातून डुलत ते समीरच्या अंगावर असे आले, की समीर खरोखरच दोन पावलं मागे सरकला. वाटेने निघालेलं एक म्हातारं जोडपं थांबून बघत होतं. संपल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. "ओ माय गॉड, दे आर क्लॅपिंग," म्हणत इराने जॅकेटची टोपी नाकापर्यंत ओढली. तिरोडकरांनी मात्र कमरेत वाकून अभिवादन केलं.

वहिनींनी भाजणीच्या चकल्या आणल्या होत्या. तिरोडकरांनी त्या डबा, पिशवी, वरून दुसरी पिशवी अशा बंदोबस्तात गाडीत कोंडल्या, कारण अस्वलाला मैलभरावरून वास येतो. "अहो, अस्वल भाजणी खातं हे तुम्हाला कोणी सांगितलं?" वहिनी चिडून म्हणाल्या. तिरोडकर म्हणाले, "तुझ्या हातची एकदा खाल्ली, तर दुसरं काही खायचं नाही." इतक्या वर्षांच्या संसारातली ही पहिली स्तुती ऐकून वहिनी लाजल्या आणि चकल्या गाडीतच राहिल्या.

त्याच दुपारी सावलीतल्या एका उतारावर बर्फ सापडला. जुना, कडक, कडेने मळलेला. पण वहिनींनी त्यात हात खुपसला आणि अशी किंकाळी मारली की आजूबाजूचे लोक वळले. तिरोडकर वाटेवरूनच सांगत होते, "घसरेल हं. टाच रोवून उभी राहा. खडक ओला असतो..." वहिनींनी गोळा करून त्यांना मारला. तो थेट कानाखाली बसला. ते वाक्य त्यांचं अर्धंच राहिलं.

दुसरा दिवस त्या तळ्याचा. वाट आधी दाट झाडीतून वर जाते, मग झाडं संपतात आणि शेवटचा टप्पा उघड्या कातळाच्या धारेवरून. आम्ही चांगले चाललो होतो. पार्किंगच्या रॅम्पची पुण्याई. वहिनी सगळ्यांच्या पुढे, हातात काठी, गाल लाल झालेले. झाडीतून बाहेर आलो तेव्हा वरचा कडा दिसायला लागला होता. त्यावर उभी असलेली माणसंही दिसत होती.

तिरोडकर थांबले. सकाळपासून ते पायाखाली कमी आणि आभाळाकडे जास्त बघत होते. डोंगरामागून ढग वर येत होते. खालून काळपट, वरून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे.

"इथून परत," ते म्हणाले.

आम्हाला आधी ते चेष्टा करतायत असं वाटलं. कर्णिक म्हणाला, "सर, ते काय तिथे आहे. दहा मिनिटांचा प्रश्न आहे."

"वर झाड नाही, आडोसा नाही. वीज आली तर आपणच सगळ्यात उंच."

"वर माणसं आहेत, सर! दिसतायत तुम्हाला?"

"दिसतायत. ती माझ्याबरोबर आलेली नाहीत. तुम्ही आलायत."

कर्णिकचा चेहरा लाल झाला. समीर माझ्याकडे बघायला लागला, मी वहिनींकडे. त्या आमच्यापेक्षा वीसेक पावलं वर होत्या. त्यांनी कड्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. मला वाटलं, आज या चालायला लागणार. पण त्या वळल्या आणि खाली उतरू लागल्या. तिरोडकरांच्या शेजारून गेल्या, तेव्हा एक अक्षर बोलल्या नाहीत. कर्णिकच्या सगळ्या आरड्याओरड्यापेक्षा ते जड होतं.

आम्ही खाली पोचलो आणि ढग पांगले. वीज नाही, थेंब नाही. स्वच्छ ऊन पडलं. वरून कॉलेजची पोरंपोरी गात उतरली. कर्णिक बुटांचे बंद सोडत म्हणाला, "सर, काही झालं नाही."

"हो ना," तिरोडकर समाधानाने म्हणाले. मग त्यांनी आमचे चेहरे पाहिले आणि ते समाधान हळूच गिळलं.

तिथे जूनमध्ये संध्याकाळ संपतच नाही. जेवणं झाली तरी हॉटेलच्या गच्चीवर लख्ख उजेड होता. आम्ही चहा घेऊन बसलो होतो. कर्णिक खोलीतून बाहेर आलाच नव्हता. मग वहिनी म्हणाल्या, "तीस वर्षं तुम्ही मला रस्त्याच्या आतल्या बाजूने चालवलंत. त्याची तक्रार नाही माझी. पण आज मला ते तळं बघायचं होतं हो."

"परत जाऊ आपण," तिरोडकर म्हणाले.

"परत म्हणजे? आणखी तीस वर्षांनी?"

मला वाटलं, आपण उठून आत जावं. पण इरा तिथेच बसून होती, आणि पंधरा वर्षांच्या मुलांना जे विचारावंसं वाटतं ते ती विचारतात. "अंकल, वर यू स्केअर्ड?"

"हो."

"ऑफ द लायटनिंग?"

"नाही गं. फोनची." ते कप फिरवत राहिले. "खूप वर्षांपूर्वी, दुसऱ्या कंपनीत असताना, मला एकदा एका माणसाच्या घरी फोन करावा लागला होता. त्याच्या बायकोने उचलला. ती आधी खूश झाली. तिला वाटलं, त्याचाच आहे. मी काही बोलायच्या आत दोन मिनिटं ती मला घरचं सगळं सांगत होती. गाय व्यायलीय, पोरगी शाळेत जायला लागली." ते थांबले. "आज वर उभा होतो तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं. इराच्या आजीला फोन लावून मी काय बोलू?"

वहिनींनी त्यांच्या हातातला थंड झालेला कप काढून घेतला आणि आपला गरम त्यांच्यापुढे सरकवला. मला जाणवलं, ही गोष्ट त्यांनाही आज नव्यानेच कळली होती.

"आज परत आलो ना," तिरोडकर एक घोट घेऊन म्हणाले, "म्हणून तर परत जाता येईल."

तिसऱ्या दिवशी अस्वल भेटलं.

नदीकाठची सपाट, बिनचढाची वाट होती. कर्णिक अजून फुगलेलाच, म्हणून सगळ्यांच्या पुढे. अस्वलाला पळवून लावायचा तिखटाचा फवारा त्याच्याच कमरेला होता. एका वळणावर तो एकदम थांबला आणि आम्ही त्याच्यामागे एकमेकांवर आदळत थांबलो. समोर, शाळेच्या बसएवढ्या अंतरावर, वाटेच्या कडेला ते बसलं होतं आणि पिवळी रानफुलं खात होतं. काळंभोर, चमकदार, आणि फार मोठं. त्याने मान वर केली.

कर्णिकचा हात कमरेकडे गेला आणि तिथेच राहिला. ब्रीफिंगमधलं एक अक्षर कोणाला आठवत असेल तर शपथ. तेवढ्यात मागून तिरोडकर हलके हलके पुढे आले, कर्णिकच्या शेजारी उभे राहिले, दोन्ही हात जरासे पसरले आणि बोलायला लागले. आवाज अगदी दुपारी पर्चेसमध्ये येऊन हातमोजे आले का विचारतात, तसा.

"नमस्कार. आम्ही इथे आहोत, दिसतोय ना तुम्हाला? तुमच्याकडे आमचं काही काम नाही. तुम्ही खा. आम्ही निघालोच आहोत. मुग्धा, इराचा हात धरा. समीर, मागे सरका, सावकाश. नाही नाही, तुम्ही बसा हो, तुम्ही कशाला उठताय? कर्णिक, पळायचं नाही. माझ्याबरोबर मागे या. नीलिमा, तुझ्या मागे दगड आहे, डावीकडून ये. हां. छान. आमच्यामुळे तुमचं जेवण थांबायला नको. घाई नाही काही."

एकाच सुरात ते आमच्याशी आणि अस्वलाशी बोलत होते. त्यातलं कुठलं कोणाला, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. "तुम्ही बसा हो" ऐकून समीर खरोखरच खाली बसायच्या बेतात होता, मीच त्याची कॉलर धरली. अस्वलाने जरा वेळ ऐकून घेतलं. मग त्याने फुर्र केलं, आमच्याकडे रुंद पाठ फिरवली आणि पुन्हा फुलं खायला लागलं. तिरोडकर वळणापर्यंत बोलत राहिले. शेवटचं वाक्य होतं, "बरंय, येतो आम्ही."

वळणापलीकडे गेल्यावर ते एका आडव्या ओंडक्यावर बसले. टोपी काढून त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "थोडक्यात टळलेल्या संकटाला आमच्याकडे नियर मिस म्हणतात," ते म्हणाले. "याचा रिपोर्ट द्यावा लागतो."

"कोणाला देऊ, सर?" कर्णिक म्हणाला. "अस्वल मॅनेजमेंटला?" आणि तो हसायला लागला. असा हसायला लागला की त्याला उभं राहवेना. तो तिरोडकरांच्या शेजारी ओंडक्यावर बसला, त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून हसत राहिला, आणि मध्येच त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिरोडकरांनी त्याच्या पाठीवर थोपटलं. "होतं असं. पाणी प्या."

इराने विचारलं, "बट अंकल, व्हाय मराठी? इट्स अ कॅनेडियन बेअर!"

तिरोडकरांनी प्रश्नाचा नीट विचार केला. "हिंदीत आणि इंग्लिशमध्ये मी दिवसभर ओरडतो गं. शांत आवाज मला मराठीतच काढता येतो."

शेवटच्या दिवशी पहाटे दारावर टकटक झाली. तिरोडकर जॅकेट, टोपी, सॅक, सगळं चढवून उभे. "आभाळ मोकळं आहे. दुपारच्या आत वर जाऊन खाली येता येईल. यल्ला." मागे कर्णिक, बूट घालून तयार.

पुन्हा तीच तळ्याची वाट. झाडी संपली, परवाची ती जागा आली. तिरोडकर थांबले, चारी दिशांना पाहिलं, आणि पुढे चालू लागले. कातळाची धार चढून आम्ही वर आलो आणि ते तळं खाली पसरलेलं दिसलं. त्याचं वर्णन मी करत नाही. फोटोत होतं तसंच होतं, फक्त खरं होतं. त्यावरून वारा फिरला की रंग सरकायचा, आणि आपणही त्याबरोबर थोडे सरकतोय असं वाटायचं.

वहिनी कड्याकडे चालत गेल्या. कडा रुंद होता, घसरण नव्हती, तरी तिरोडकर त्यांच्या मागोमाग गेले आणि त्यांच्या जॅकेटचं टोक मुठीत धरून उभे राहिले. जत्रेत पोराचा सदरा धरतात, तसं.

"सोडा," वहिनी मागे न बघता म्हणाल्या.

तिरोडकरांनी कातळ पाहिला. आभाळ पाहिलं. वहिनींचे बूट पाहिले. मग मूठ उघडली.

वहिनी आणखी दोन पावलं पुढे गेल्या आणि मांडी घालून बसल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "खरं आहे हो." तिरोडकर त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मी त्यांना सहा वर्षं ओळखत होते, पण आपल्या माणसांकडे पाठ करून ते इतका वेळ बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले. कर्णिकने त्या दोघांचा मागून फोटो काढला आणि मला दाखवला. त्यात डोंगरबिंगर काही नीट आलेलं नव्हतं. दोन टोप्या तेवढ्या आल्या होत्या, एकमेकींना टेकलेल्या.

दुबईला परतल्यावर वर्षभरातच मला जबल अलीला दुसरी नोकरी लागली आणि आमचं एका गाडीतून जाणं संपलं. कर्णिककडून बातम्या कळायच्या. तिरोडकरांनी मॅनेजमेंटच्या मागे लागून कंपनीची बस मिळवली होती आणि हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी ते स्टाफ अकोमोडेशनमधल्या लोकांना रास अल खैमाच्या डोंगरात फिरायला न्यायला लागले होते. "माणूस खोलीत फोन बघत पडून राहतो आणि आतून आजारी पडतो, हाही सेफ्टीचाच विषय आहे," असं त्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं म्हणे. अर्थात बसमध्ये पट्टे असल्याशिवाय बस निघायची नाही. कर्णिक स्वतःही दोनदा जाऊन आला.

मग एका उन्हाळ्यात, आम्ही भारतात असताना, तिरोडकर निवृत्त होऊन डोंबिवलीला गेले. निरोपाला आम्ही नव्हतो. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधीच्या फेब्रुवारीत.

आम्ही तिघं गाडीने रास अल खैमाचा तो डोंगर चढत होतो. हवा थंड, काचा खाली केलेल्या. एका वळणावर कंपनीची पांढरी बस उभी होती आणि रस्त्याच्या आतल्या अंगाने वर जाणाऱ्या पायवाटेवर माणसांची रांग लागली होती. कोणी कोल्हापूरचा, कोणी रत्नागिरीचा, कोणी बिहारचा, कोणी केरळचा. स्पोर्ट्स शूज, मफलर, हातात फोन, मोठमोठ्याने हाका. रांगेच्या अगदी शेवटी, बरंच मागे, एक जाडसर माणूस गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत उभा होता, आणि त्याच्या शेजारी तिरोडकर. समीर हॉर्नवर हात नेत होता. मी त्याला थांबवलं.

तो माणूस वर बघत काहीतरी म्हणत होता. बहुधा, साहेब, तुम्ही व्हा पुढे, मला नाही जमायचं. तिरोडकरांनी सॅक उतरवली, एक सपाट दगड बघून त्यावरची माती हाताने झाडली आणि आधी स्वतः बसले.

"बसा हो जरा," त्यांचा आवाज आमच्यापर्यंत आला. "इथूनही चांगलं दिसतं."

तो माणूस त्यांच्या शेजारी टेकला. आमची गाडी वळण घेऊन वर गेली तेव्हा दोघं दरीकडे तोंड करून बसले होते, आणि तिरोडकर बोट दाखवून त्याला लांबचं काहीतरी समजावून सांगत होते.